अकरा वाजून दोन मिनिटं

आमच्या नगरसभेत त्यांना सगळे टिपकागद म्हणत. कुणीही काहीही सांडावं, त्यांनी ते शोषून घ्यावं आणि स्वतः कोरडं राहावं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते तिथे लघुलेखक होते. त्यातली अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून, ते सांगतील ते टाइप करत काढली. तोंडावर त्यांना टिपकाका म्हणायचं आणि पाठीमागे टिपकागद, अशी पद्धत होती. त्यांना दोन्ही माहीत होतं.

सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीला अगदी लागून, एक पायरी खाली, त्यांचं लहानसं मेज होतं. त्यावर टोक केलेल्या चार पेन्सिली, एक वही आणि चष्म्याचं घर. समोरच्या भिंतीवर घड्याळ. कोण काय बोललं ते वहीत आणि किती वाजता बोललं ते समासात, अशी त्यांची शिस्त. दुसऱ्या दिवशी ते वहीवरून मला सांगायचे, मी इतिवृत्त टाइप करायची. त्यांच्या खुणा मात्र त्यांनाच वाचता येत. त्यांचे गुरू जुन्या पद्धतीचे, ते वारले. वर यांनी स्वतःच्या खुणांची भर घातलेली. अठरा वर्षांत मला वीसेक खुणा ओळखता आल्या असतील, त्यातली एक 'गोंधळ' अशी होती. ती फार लागायची.

फक्त एका गोष्टीच्या वेळी त्यांची पेन्सिल मेजावर आडवी असे. ती म्हणजे प्रार्थना.

या प्रार्थनेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टिपकाकांचे वडील याच नगरसभेत मुख्य कारकून होते. नवं सभागृह बांधलं तेव्हा त्यांनी सहा ओळींची प्रार्थना लिहिली आणि सभासदांना ती आवडली. पण कायदा आडवा आला. सरकारी सभेला धर्म नाही, तिथे कुठल्याच देवाची प्रार्थना कामकाजात येता कामा नये, असं कायदा म्हणतो. तेव्हाच्या वकिलांनी तोड काढली. प्रार्थना सभेच्या आधी अध्यक्षांनी म्हणायची आणि सभा प्रार्थनेनंतर सुरू झाली असं धरायचं. माणसं तीच, खोली तीच, खुर्च्या त्याच. फक्त लघुलेखकानं पेन्सिल खाली ठेवायची. लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय.

चाळीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. खोटं कशाला बोला, मीसुद्धा प्रार्थना सुरू झाली की ऑफिसात उभी राहायची. मला ती गोड वाटायची. काटा दुसऱ्याच्या पायात असला की रस्ता सगळ्यांनाच गुळगुळीत वाटतो.

मग निवडणुकीत नर्सबाई निवडून आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, चालणं तुरुतुरु. पहिल्याच सभेत प्रार्थना सुरू व्हायच्या आधी त्या उठल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. संपल्यावर आत आल्या. एका सभासदानं विचारलं, "बाई, तुमचा देव वेगळा का?"

"माझा देव आहे की नाही, असला तर कुठला, ते माझ्या घरात," त्या म्हणाल्या. "इथं मी एकटी नसते. माझ्या प्रभागातली चार हजार माणसं घेऊन येते. त्या सगळ्यांच्या वतीनं हात जोडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही."

दर सभेला त्या अडीच मिनिटं व्हरांड्यात उभ्या राहत. शिपाई दार त्यांच्यासाठी किलकिलं ठेवी. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून मला त्या दिसत. कधी त्या माझ्याकडे बघून हसत. मी प्रार्थनेला उभी असायची, म्हणून मी हसत नसे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दोन वर्षांनी नवे अध्यक्ष आले. माणूस बोलायला गोड, आणि त्यांच्या मागे एक प्रार्थना मंडळ होतं. निवडणुकीत त्या मंडळाची माणसं दारोदार फिरली होती. त्याची परतफेड म्हणून नर्सबाईंच्या प्रभागातल्या दवाखान्याच्या तीन खोल्या मंडळाला द्यायच्या, असा विषय आला. दवाखाना हलवायचा हमरस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक धावतात. पलीकडे जायला धडधाकट माणसाला दहा मिनिटं लागतात. काठी टेकत येणाऱ्यानं किंवा पोटुशी बाईनं काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. अध्यक्ष सोडले तर सभासद पंधरा. सात बाजूनं आणि नर्सबाई धरून आठ विरोधात, हे आम्हा कारकुनांनाही पाठ होतं. विषयपत्रिकेवर तो सातवा होता.

त्या दिवशी नर्सबाई नेहमीसारख्या बाहेर गेल्या, प्रार्थना झाली. मग मला दिसलं की त्या दार ढकलतायत आणि दार उघडत नाही. त्यांनी ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. मी पाहत होते. घड्याळाकडे माझं लक्ष गेलं नाही. दार उघडलं तेव्हा सातवा विषय सर्वांत आधी घेऊन मोकळे झाले होते. सात विरुद्ध सात, आणि अध्यक्षांचं निर्णायक मत बाजूनं. दवाखाना गेला.

"बाई, तुम्ही उशिरा आलात," अध्यक्ष म्हणाले. "मतदान चालू असताना दार बंद ठेवायचं असतं, नियम आहे."

नियम होताच. मतदानाच्या वेळी कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. प्रश्न एवढाच होता की कडी केव्हा लागली. मतदानाच्या वेळी, की प्रार्थनेच्या वेळी? आणि प्रार्थनेच्या वेळी तर सगळ्यांचे डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी टिपकाका वही घेऊन बसले. "विषय क्रमांक सात. एक सदस्या अनुपस्थित," त्यांनी सांगितलं. मी 'अनुपस्थित' टाइप केलं. माझी बोटं त्या शब्दावर क्षणभर थांबली हे खरं, पण पुढे गेली हेही खरं. तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेला पडली. सांगायला सुरुवात करण्याआधी त्यांनी एक पान उलटलं होतं. सभा नेहमी कोऱ्या पानाच्या डोक्यापासून सुरू होते. त्या दिवशी तिच्याआधी एक भरलेलं पान होतं.

नर्सबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वरिष्ठ कार्यालयात तक्रार केली. चौकशी लागली आणि पत्र आलं: शिपाई, अध्यक्ष आणि सभासदांचे जबाब होतील, लघुलेखकाची मूळ वही हजर करावी.

पत्र वाचून टिपकाकांचा चेहरा पांढरा पडला. इतर सगळे गेल्यावर त्यांनी कपाटातून वही काढली, ते भरलेलं पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बाई, मी प्रार्थना लिहून घेतली."

"का पण?"

"नवे अध्यक्ष बाबांच्या ओळी चुकवतात. कधी शब्द गाळतात, कधी पदरचे घालतात. तीन सभा ऐकलं. मग वाटलं, एकदा लिहून घ्यावं आणि दाखवावं त्यांना, साहेब, मूळ ओळ अशी आहे." ते कसनुसं हसले. "बापाच्या सहा ओळी नीट म्हणाव्यात, एवढंच हवं होतं. हात दाखवून अवलक्षण."

"मग?"

"हात एकदा चालू झाला की मध्ये कुणी शिंकलं तरी लिहितो. चौथ्या ओळीनंतर अध्यक्ष हळूच शिपायाला म्हणाले, 'दार लावून घे, आतून.' मी डोळे उघडेच ठेवले होते, लिहायला. समासात वेळ टाकली. अकरा वाजून दोन मिनिटं."

मी विचारलं, हे तुम्ही मला सांगताना का गाळलंत? ते म्हणाले, "प्रार्थनेतलं इतिवृत्तात घेत नाहीत." चाळीस वर्षांचा नियम होता तो. ज्या नियमानं त्यांच्या बापाच्या ओळी जपल्या त्याच नियमात अध्यक्षांनी कडी लपवली होती. मला राग आला, आणि तो अध्यक्षांचा की टिपकाकांचा की माझा स्वतःचा, हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

चौकशीच्या चार दिवस आधी अध्यक्ष स्वतः आमच्या खोलीत आले. असं कधी होत नाही. मला बाहेर जा म्हणाले नाहीत. टाइप करणाऱ्या बाईला कान असतात हे मोठ्या लोकांच्या लक्षात येत नाही.

"तुमच्या वडिलांच्या प्रार्थनेची पाटी लावायचं मनात आहे," ते म्हणाले. "सभागृहात, दर्शनी भिंतीवर. संगमरवरी. सहाही ओळी, खाली त्यांचं नाव. बहिणीलाही बोलावू तुमच्या, त्यांच्याच हस्ते करू."

टिपकाकांची नजर वहीच्या कपाटाकडे गेली.

"ती वही काय, तुम्हालाच वाचता येते. सभा सुरू झाली तिथून वाचा. प्रार्थना सभेचा भाग नाहीच ना? आणि एक ध्यानात घ्या. प्रार्थनेत कामकाज होतं असं एकदा कागदावर आलं, की प्रार्थनाच बंद होईल. तुमच्या वडिलांची. तुमच्या तोंडून." ते खांद्यावर हात ठेवून गेले.

यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. एकतीस वर्षांत एकही ठपका नाही, नाकासमोर चालणारा माणूस. वाचलं तर बापाची प्रार्थना जाणार. वर 'अनुपस्थित' कुणी सांगितलं हा प्रश्न येणार आणि ठपका बसणार. नाही वाचलं, तर कुणाला कळायचंही नाही. मला कळणार होतं. पण मी तर मूग गिळण्यात अठरा वर्षं मुरलेली.

टिपकाकांचं लग्न झालेलं नव्हतं. ते आणि त्यांची मोठी बहीण आमच्या मागच्या गल्लीत राहत. ताईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. वडिलांच्या हातचा प्रार्थनेचा कागद त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. मी कामाचे कागद द्यायला गेले त्या दिवशी तो पेटीतून बाहेर आलेला होता. अध्यक्षांनी पाटीचा निरोप परस्पर त्यांच्याकडेही पोचवला होता.

"अक्षर किती मोठं काढतील गं?" ताईंनी मला विचारलं. "माझ्या डोळ्यांना लांबून दिसेल का?"

टिपकाका खिडकीकडे तोंड करून पेन्सिलीला टोक करत होते. टोक तुटलं, त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तुटलं.

चौकशी नगरसभेतल्याच समित्यांच्या बैठकीच्या खोलीत झाली. सकाळी अकरा. चौकशी अधिकारी माझ्या मुलीच्या वयाची एक शांत बाई होती. शिपायानं कानावर हात ठेवले: कडी केव्हा लावली आठवत नाही. एकेक सभासद आला, तोही तेच. आम्ही डोळे मिटून होतो. एक जण तर म्हणाला, प्रार्थनेत मला देहभान राहत नाही. नर्सबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला लगेच देहभान आलं.

मग टिपकाकांना बोलावलं. मी जबाब टाइप करत होते. माझ्या शेजारी तीन वर्षांच्या इतिवृत्तांच्या फायली रचलेल्या.

"त्या दिवसाची नोंद सुरुवातीपासून वाचा," अधिकारी म्हणाल्या.

त्यांनी वही उघडली. कुठलं पान उघडलंय ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. अध्यक्ष समोर बसले होते, ते मदत करावी तसं म्हणाले, "वाचा ना. विषय क्रमांक सात."

"त्याच्या आधी एक पान आहे," टिपकाका म्हणाले.

ते वाचू लागले, नेहमीच्या सपाट आवाजात, जसं मला सांगायचे तसं.

"अकरा वाजता. प्रार्थना. 'दिसेल ते पाहायला आम्हाला डोळे दे. पाहिलं ते बोलायला बळ दे. आमच्या हातून कुणाचं हिरावलं जाऊ नये. जो आमच्यात नाही, त्याचाही विसर आम्हाला पडू देऊ नको.'" त्यांनी समोरच्या ग्लासातलं घोटभर पाणी घेतलं. "अकरा वाजून दोन मिनिटं. अध्यक्ष, शिपायास. 'दार लावून घे, आतून.' त्यानंतर कडीचा आवाज. पुढे पाचवी ओळ."

"काहीही काय वाचता," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज आता गोड नव्हता. "मॅडम, या रेघोट्या या माणसाशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. तो म्हणेल ते. याला पुरावा म्हणायचं?"

अधिकाऱ्यांनी वही हातात घेतली, उलटसुलट पाहिली. शंका रास्त होती, त्यांनाही ती आलीच. मग त्यांनी वहीची पानं मागे उलटत नेली आणि मधल्याच एका पानावर बोट ठेवलं. "हे वाचा." मला म्हणाल्या, "तुम्ही या तारखेचं इतिवृत्त काढा आणि ताडून पाहा."

ते वाचत गेले. सात महिन्यांपूर्वीची गटारांवरची चर्चा होती ती. मी कागदावर बोट फिरवत होते. दुसरं पान कचऱ्याच्या गाड्यांचं. तिसऱ्यासाठी अधिकाऱ्यांनी जुनी वही मागवली, दोन वर्षांपूर्वीची. टिपकाका एकदाही अडखळले नाहीत.

"काय?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"शब्द न् शब्द जुळतो," मी म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "मॅडम, मी खिडकीतून बघत होते. प्रार्थना संपल्याबरोबर बाईंनी दार ढकललं. तेव्हाच ते बंद होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं." माझाच जबाब मग मी टाइप केला, दोन चुका करून.

"प्रार्थना लिहून घ्यायची पद्धत नाही ना?" त्यांनी टिपकाकांना विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही का घेतलीत?"

"माझ्या वडिलांच्या ओळी साहेब चुकीच्या म्हणत होते. त्यांची चूक धरायला."

कोपऱ्यात नर्सबाईंना हसू आलं, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. टिपकाका हसले नाहीत.

"आणि हे ठाऊक असताना इतिवृत्तात 'अनुपस्थित' का सांगितलंत?"

"ती माझी चूक," ते म्हणाले. "त्या दारापाशी होत्या. मला ठोठावणं ऐकू येत होतं. मी लिहिलंही होतं, सांगितलं नाही."

तीन आठवड्यांनी निकाल आला. ठराव रद्द, मतदान पुन्हा. दाराच्या आत सभासद जमल्यापासून सभा सुरू झाली असं धरावं. प्रार्थना ज्याला करायची त्यानं सभागृहाबाहेर, आपापली करावी. लघुलेखकास ठपका, सेवापुस्तकात नोंद. एकतीस वर्षांत पहिली आणि शेवटची. अध्यक्षांचं काय, ते प्रकरण वर गेलं आणि अजून वरच आहे.

पुढच्या सभेला नर्सबाई सुरुवातीपासून खुर्चीत होत्या. अध्यक्ष आले, उभे राहिले. सवयीनं पाच-सहा जण उभे राहिले आणि मग एकमेकांकडे पाहत बसले. अध्यक्षांनी काहीतरी म्हणून सभा सुरू केली. आठ विरुद्ध सात, दवाखाना राहिला. दुसऱ्या दिवशी टिपकाका मला सांगायला बसले तेव्हा म्हणाले, "पहिलं वाक्य माझं सुटलं. पेन्सिल आडवीच होती. तशी नोंद घ्या." मी तशी नोंद घेतली.

त्या संध्याकाळी ठपक्याच्या प्रतीवर त्यांची सही राहिली होती, ती घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. ताई माझ्याशी बोलल्या, भावाशी नाही. चौकशीच्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. ताट वाढून समोर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. ताट तसंच झाकलेलं दिसत होतं. टिपकाकांनी सही केली, कागद मला दिला. मी उठणार तेवढ्यात ताई आतून पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यांनी वडिलांचा कागद काढून भावासमोर ठेवला, घडीवर हात फिरवून सपाट केला.

"कुठे म्हणाला तो, दार लाव म्हणून?"

टिपकाकांनी चौथ्या ओळीच्या शेवटी बोट ठेवलं.

ताईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. ती ओळ त्यांना तोंडपाठ होती, तरी त्यांनी ती वाचली: 'जो आमच्यात नाही, त्याचाही विसर आम्हाला पडू देऊ नको.' पुन्हा वाचली. "याच्यानंतर?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग भावाच्या ताटावरचं झाकण काढलं. "गार झालं असेल," त्या म्हणाल्या. "आण, गरम करून देते."